बाबांनी आणलेलं काटेरी झाड: उंटकटारा, ब्रह्मदंडी की मिल्क थिसल?

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न घाईचा आहे, तरी जरा सविस्तर लिहिते.

बाबांचं वय ६८. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टरांनी वजन उतरवा, रोज चाला, गोड-तळलेलं बंद करा एवढंच सांगितलं, गोळी काही दिली नाही. दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत यायचं हे बाबांच्या मनाला पटेना. तेवढ्यात त्यांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. 'लिव्हरसाठी रामबाण मिल्क थिसल, म्हणजेच आपला उंटकटारा, म्हणजेच ब्रह्मदंडी. काटेरी पानं, पानांवर पांढऱ्या शिरा. बिया वाटून सकाळी अनशापोटी एक चमचा.'

शनिवारी मी गावी आले तर गच्चीवर वर्तमानपत्रावर काटेरी बोंडं वाळत घातलेली. ओढ्याच्या कडेला, रस्त्यालगत हे झाड सापडलं म्हणे. पानं काटेरी आहेत, पांढऱ्या शिरा आहेत, मेसेजमधलं वर्णन जुळतंय. बोंडं वरच्या तोंडाला उकलून आतून मोहरीसारख्या बारीक काळ्या बिया पडतायत. बाबा उद्यापासून सुरू करणार आहेत.

मला शंका येतेय ती अशी. उंटकटारा मी लहानपणापासून पाहिलाय. आजी त्याला काटेचेंडू म्हणायची. आमच्या माळावर दिवाळीच्या सुमाराला गुडघ्याएवढी झाडं आणि त्यांच्या टोकाला लिंबाएवढे गोल गोल पांढरे चेंडू. बोंड नव्हतंच ते, अख्खं फूलच चेंडू. एकदा बैलाच्या वशिंडाजवळच्या जखमेत किडे पडले होते, तेव्हा आजीनं त्याचं मूळ उगाळून लावलेलं मला आठवतंय. बाबांनी आणलेलं झाड तसं दिसत नाही. पण मेसेजमध्ये नावं तीन आणि झाड एक म्हटलंय. जाणकारांनी कृपया सांगा.

सह्यकडा

ताई, आधी बाबांना थांबवा. बिया कुणीही तोंडात घालू नका. मग एक काम करा: ताजा देठ असेल तर मोडा आणि चीक कोणत्या रंगाचा येतो ते सांगा. झाडाला फूल होतं का? असल्यास कोणत्या रंगाचं?

माणदेशी_लेक

आत्ता मोडून पाहिला. पिवळा चीक. हळदीच्या पाण्यासारखा, बोटाला डाग पडला. फुलं पिवळी होती म्हणतात बाबा, पातळ कागदासारख्या पाकळ्यांची.

सह्यकडा

पिवळा धोत्रा. आर्जेमोनी मेक्सिकाना. बिया, बोंडं सगळं कागदासकट उचला आणि गुरं-कोंबड्या पोचणार नाहीत अशा जागी पुरून टाका. ज्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटायचं ठरलं होतं तो वापरला गेलाय का तेही विचारा.

हे अफूच्या कुळातलं झाड. याच्या पानांवरही पांढरट शिरा असतात आणि काटेही असतात, त्यामुळे मेसेजमधल्या दोन ओळी वाचून कुणीही फसेल. बाबांची चूक नाही. चूक त्या वर्णनाची आहे, जे एका झाडाचं म्हणून दिलं आणि तीन-चार झाडांना लागू पडतं.

निवृत्त_सिस्टर

सह्यकडा, तुम्ही वेळेवर विचारलंत. मी नोकरीत असताना या बियांची भीती आम्हाला प्रशिक्षणातच घातली होती. मोहरीत पिवळ्या धोत्र्याच्या बिया मिसळल्या की तेलात विष उतरतं. त्यातलं मुख्य विष सांग्विनारिन. दोन्ही पायांवर सूज चढते, धाप लागते, हृदयावर ताण येतो, काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलानं साठाहून अधिक माणसं दगावली, तेव्हा कारण हेच होतं. त्यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. तेल बंद करायचं आणि लक्षणांवर उपचार करत राहायचं.

ताई, बाबांनी चव म्हणूनही काही खाल्लं नाही ना, एवढं नक्की विचारून घ्या. खाल्लं असेल तर पाय सुजायची वाट बघू नका. झाडाची फांदी पिशवीत घालून सरळ डॉक्टरांकडे न्या. झाड समोर असलं की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

माणदेशी_लेक

नाही खाल्लं. देवाची कृपा. दोन-तीनदा विचारलं. वाटायला म्हणून आजचा दिवस वाळू देत होते.

सगळं पुरून आले. परत आल्यावर हात कितीतरी वेळ धुतले, बोटावरचा पिवळा डाग अजून गेलेला नाही. बाबा खुर्चीत गप्प बसलेत. 'ब्रह्मदंडी म्हणजे देवाचं नाव आहे, त्यात विष कसं असेल' एवढंच म्हणाले. आता त्यांना पटेल असं सांगायचंय, तर कृपया खरा उंटकटारा कोणता, ब्रह्मदंडी कोणती आणि मिल्क थिसल कोणती हे जरा फोड करून सांगाल का?

सह्यकडा

सांगतो.

तुमच्या आजीचा काटेचेंडू हाच खरा उंटकटारा. शास्त्रीय नाव एकिनॉप्स एकिनॅटस. एकिनॉप्स म्हणजे हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्यासारखा दिसणारा, ग्रीक शब्द आहे. सूर्यफुलाच्या कुळातला. ज्या पोटगटाला इंग्रजीत थिसल म्हणतात, त्यातलाच हा. कोरडे माळ, पडीक रानं, बांध, मुरमाड उतार ही याची घरं. पान उलटं करून बघा: वरून हिरवं, खालून पांढऱ्या लोकरीचं. खोडावरही तशीच लव. चीक नाही. आणि तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. भिंगातून पाहिलंत तर दिसेल, प्रत्येक बारीक पांढरं फूल आपापल्या वेगळ्या काटेरी पेल्यात बसलेलं असतं आणि असे शेकडो पेले मिळून चेंडू होतो. चेंडूचा माथा आधी फुलतो, मग फुलण्याची कड हळूहळू खाली सरकते. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात एका चेंडूवर चार-पाच मधमाश्या सहज सापडतात.

सह्याद्रीत उंचावर याचाच एक मोठा भाऊ आहे. अलीकडेच तो वेगळी जात म्हणून नोंदला गेला, एकिनॉप्स सह्याद्रिकस. चेंडू माळावरच्यापेक्षा खूपच मोठे. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी भटकणाऱ्यांनी पाहिला असेल. तो मोजक्याच जागी आहे. त्याचं मूळ औषधासाठी कुणी उपटू नये, ही हात जोडून विनंती.

मिल्क थिसल वेगळीच. सिलीबम मॅरियानम. पान मोठं, गुळगुळीत, चकचकीत हिरवं आणि त्यावर दूध सांडल्यासारखी पांढरी जाळी. फूल जांभळं, खाली जाड लांब काट्यांची गळपट्टी. मूळची भूमध्य समुद्राच्या भोवतालची. भारतात काश्मीर-हिमाचलकडे आढळते. माणच्या ओढ्याकाठी ती आपणहून उगवेल ही आशा सोडा.

राइनकाठी

मी जर्मनीत राहते. इथे मिल्क थिसलला मारिएनडिस्टेल म्हणतात, मारियेची, म्हणजे येशूच्या आईची, काटेरी. मारियेचं दूध पानावर सांडलं म्हणून पांढऱ्या रेषा उमटल्या अशी इथली दंतकथा. औषधाच्या दुकानात तिचा चहा आणि कॅप्सूल सहज मिळतात. वापरतात ते फळ, ज्याला आपण बी म्हणू. पान किंवा मूळ नाही. त्यातलं काम करणारं द्रव्य सिलीमरिन. ते पाण्यात नीट उतरत नाही, म्हणून चहापेक्षा प्रमाणित अर्काच्या कॅप्सूल देतात. इथे जंगलात अळिंबी गोळा करायची हौस फार, आणि डेथ कॅप नावाच्या विषारी अळिंबीनं यकृत निकामी होतं. त्या रुग्णांना हॉस्पिटलात सिलीमरिनमधला सिलिबिनिन हा घटक शिरेतून देतात. यामुळे तिची 'लिव्हरचं औषध' ही ख्याती आणखी वाढली.

भारतात आले होते तेव्हा मीही एका वेबसाइटवर 'मिल्क थिसल (ऊंटकटारा)' असं वाचलं होतं आणि खरं मानलं होतं. आज कळतंय.

वैद्य_पेठेतली

बाबांना 'ब्रह्मदंडी'चं कोडं मी सांगते, कारण हा गोंधळ आमच्या शास्त्रातही जुना आहे.

ब्रह्मदंडी या एका नावाखाली निदान तीन झाडं विकली जातात. महाराष्ट्रात बहुतेक वैद्य ज्याला ब्रह्मदंडी म्हणतात ती ट्रायकोलेपिस ग्लॅबेरिमा: सडपातळ, लव नसलेली, जांभळट गुलाबी फुलांची, फुलाखाली ताठ केसांसारखी कुसळं. काही भागांत उंटकटाऱ्यालाच ब्रह्मदंडी म्हणतात. आणि दक्षिणेकडे हेच नाव पिवळ्या धोत्र्याला आहे. म्हणजे तमिळ भागातल्या माणसानं लिहिलेली कृती मराठीत आली की नाव तेच राहतं, झाड मात्र बदलतं. पहिली दोन थिसलच्या गटातली, तिसरं विषारी. बाबांना म्हणावं, नाव देवाचंच आहे, पण ते वेगवेगळ्या गावांनी वेगवेगळ्या झाडाला दिलंय.

पिवळ्या धोत्र्याला कोणी स्वर्णक्षीरीही म्हणतात आणि संहितांचा दाखला देतात. पण हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, चरक-सुश्रुतांच्या काळी ते भारतात नव्हतंच. त्यांची स्वर्णक्षीरी दुसरी कोणती तरी असणार.

आता खऱ्या उंटकटाऱ्याचं. संस्कृतात उत्कंटक, उष्ट्रकंटक. औषधात वापर मुळाचा, त्यातही मुळाच्या सालीचा. जुन्या खोकल्यात मधातून, भूक मंदावली तर, लघवीच्या तक्रारीत, आणि मुख्य म्हणजे पुरुषांच्या दौर्बल्यात. या शेवटच्या उपयोगापायीच त्याची मुळं सर्वांत जास्त खणली जातात. यकृताचं मुख्य औषध म्हणून आमच्याकडे त्याचा मान नाही, तिथे भुईआवळा, कुटकी ही नावं आधी येतात. म्हणजे मेसेजमध्ये मिल्क थिसलचा गुण, उंटकटाऱ्याचं नाव, पिवळ्या धोत्र्यालाही लागू पडणारं वर्णन आणि बियांची मात्रा अशी चार ठिकाणची चार वाक्यं एकत्र शिवली आहेत.

कोरडवाहू

परभणीकडचा शेतकरी. आमच्याकडे उटकटारी म्हणतात. उंट आवडीनं खातो म्हणून नाव पडलं असं म्हातारे सांगायचे.

माणदेशी ताईंच्या आजीनं जे केलं तेच आमच्याकडे. गुराच्या जखमेत किडे पडले की मुळाची पूड दाबून भरायची. मूळ नाही सापडलं तर सीताफळाचा पाला वाटून. आता मी टर्पेंटाइनचा बोळा लावतो आणि डॉक्टरला फोन करतो, पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला, डॉक्टर दोन दिवस येऊ शकला नाही, तेव्हा वडिलांनी हीच पूड काढली होती. दुसऱ्या दिवशी किडे बाहेर पडले. डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

दुसरा उपयोग उवांचा. मूळ वाळवून कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवून केसांना थापायचं. डिंकानं पूड केसाला धरून राहते. माझ्या बहिणींना आईनं केलेलं आहे. डोकं धुताना आई डोळ्यांवर घट्ट फडकं बांधायची आणि 'डोळे उघडलेस तर बघ' म्हणायची. एवढी काळजी ती घेत होती म्हणजे पूड तिखट असणार.

एक मूळ काढायचं म्हणजे काय ते शहरातल्या लोकांना सांगतो. सोटमूळ सरळ खाली जातं. मुरमात कुदळीनं हातभर खणावं लागतं आणि झाड गेलं ते गेलं. आमच्या माळावर आता पूर्वीच्या पाव हिश्शानंही राहिली नाही. तंबू टाकून जडीबुटी विकणारे पोत्यानं नेतात.

आणि एक. थिसल-थिसल म्हणताय तर आपली करडई विसरू नका, ती याच गटातली. आमच्या आजोबांनी ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी पेरल्या, काट्यामुळे जनावर आत शिरत नाही. काढणी पहाटे दवात, काटे तेव्हा जरा नरम असतात, तरी हाताला फडकी गुंडाळल्याशिवाय जमत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्यांचे वाण काढले तेव्हा काढणाऱ्या बायांचे हात वाचले. कोवळ्या करडईची भाजी, मूगडाळ आणि लसूण घालून, भाकरीबरोबर. बाबांना हे काटेरी झाड बिनधास्त खाऊ घाला, फक्त तेल बेतानं.

वैद्य_पेठेतली

कोरडवाहू दादा, करडईची आठवण छान काढलीत. एक भर घालते. भाजी कुणीही खावी, पण करडईच्या पाकळ्यांचा काढा हे औषध आहे. गरोदर बायांनी तो घेऊ नये, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

निवृत्त_सिस्टर

गरोदरपणाचा विषय निघाला म्हणून लिहिते, नाहीतर राहून जाईल.

माझी सुरुवातीची नोकरी डोंगराळ भागातल्या उपकेंद्रात. तिथे बाळंतिणीच्या कमरेला काळ्या दोऱ्यात मुळाचा तुकडा बांधलेला मी कितीदा पाहिला. सुईण सांगायची, काटेचेंडूचं मूळ आहे, यानं सुटका लवकर होते आणि बाळ बाहेर आलं की तत्क्षणी दोरा सोडायचा, नाहीतर मागचं सगळं ओढून काढील. सुटका झाल्याबरोबर तिचा हात आधी त्या दोऱ्याकडे जायचा, नाळेकडे नंतर.

बांधलेल्या मुळावरून मी कधी कुणाला रागावले नाही. रात्रीच्या वेळी, कंदिलाच्या उजेडात, त्या पोरीला धीर येत असेल तर येऊ दे. पण तेच मूळ उगाळून पाजायला निघालेल्या सासूचा हात मी धरलेला आहे. कमरेला बांधणं आणि पोटात देणं यात फार अंतर आहे. त्या सुईणीशी माझी पुढे चांगली मैत्री झाली. तिनंच मला पान उलटून पांढरी लोकर बघायला शिकवलं. 'खालून म्हातारी दिसली तरच हात लाव' असं म्हणायची.

सह्यकडा

'खालून म्हातारी दिसली तरच हात लाव'. याहून चांगली ओळखीची खूण मी पुस्तकात वाचलेली नाही.

भातखाचर

कोकणातून एक प्रश्न. आमच्याकडे भात कापल्यावर खाचरात जांभळे गोल गेंद येतात, वासाला उग्र. आजोबा मुंडी म्हणतात. तोही उंटकटाराच का?

सह्यकडा

ती गोरखमुंडी. कूळ सूर्यफुलाचंच, पण गट वेगळा. तिला काटे नसतात, खोडाला कडेनं पंखासारखी पट्टी असते, आणि तिला ओल लागते. उंटकटारा तुमच्या खाचरात टिकायचा नाही.

यकृत_आणि_आपण

पोटविकारांचा डॉक्टर आहे. ताई, बाबांच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही ते योग्यच केलं. फॅटी लिव्हरमध्ये वजनाच्या ७ ते १० टक्के घट झाली तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही उतरतात, हे नीट सिद्ध झालेलं आहे. ८० किलोच्या माणसाला म्हणजे साधारण ६ ते ८ किलो. सावकाश, काही महिन्यांत.

खऱ्या सिलीमरिनवर बरेच अभ्यास झाले. काहींत यकृताचे एन्झाइम थोडे उतरले, काहींत फरक दिसला नाही. सहसा निरुपद्रवी आहे, पण चालण्याची जागा घेईल असं नाही. उंटकटाऱ्यावरचे प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवर झालेत, सूज कमी करण्याचा गुण त्यांत दिसतो. त्यावरून माणसाला चमचाभर पूड सांगता येत नाही.

माझ्या मनाला जास्त लागलं ते वेगळंच. यकृत आधीच थकलेलं असताना अनोळखी वनस्पती घेतली तर ती गाळण्याचं कामही त्याच यकृतावर येतं. करोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद झाली. तेव्हा आयुष मंत्रालयानं मुद्दा मांडला होता की ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. वाद पुढे बराच चालला. पण दोन्ही बाजू एका प्रश्नावर येऊन थांबत होत्या: रुग्णानं नेमकं कोणतं झाड खाल्लं? माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण याचं उत्तर देऊ शकत नाहीत, कारण हातात असते ती पूड. पुडीला पान नसतं, काटा नसतो, चीक नसतो.

माणदेशी_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी बाबांना अख्खा वाचून दाखवला. मुंबईच्या गुळवेलीपर्यंत ते ऐकत होते, पण त्यांच्यावर परिणाम झाला तो सुईणीच्या वाक्याचा. दोनदा वाचायला लावलं.

रविवारी सकाळी म्हणाले, चल, तुझ्या आजीचा माळ बघून येऊ. घरापासून दीड किलोमीटर. आजी गेल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते. अर्ध्या माळावर आता पवनचक्क्यांचा रस्ता झालाय. वरच्या अंगाला, दगडी ताल आहे तिथे, चौदा झाडं सापडली. फुलं केव्हाच गेलेली, वाळून करडे झालेले चेंडू काठीवर उभे होते. हात लावला की एकेक काटेरी पेला सुटून खाली पडत होता. बाबांनी गुडघे टेकून एक वाळलेलं पान उलटं केलं. वरचा रंग पार उडाला होता, पण खालची लोकर तशीच पांढरी. 'म्हातारी आहे गं' म्हणाले, आणि तिथेच खाली बसले. मग बैलाची गोष्ट निघाली. जखम वशिंडाजवळ नव्हती म्हणे, खांद्याला जू घासून झालेली. मूळ आजीनं उगाळलं नव्हतं, चुलीजवळ वाळवून कुटलं होतं. आणि ते आणायला बाबांनाच पाठवलं होतं, सातवीत असताना. खणताना बोटात मोडलेला काटा आठवडाभर ठसठसत होता, ते बोटही दाखवलं.

मूळ काढलं नाही. सुटून पडलेले पेले मात्र त्यांनी रुमालात गोळा केले आणि पवनचक्कीच्या रस्त्याच्या पलीकडे, जिथे पूर्वी हीच झाडं होती, तिथे मुरमात पसरले. उगवतील का, सह्यकडा? आत बी असतं ना?

बाबा आता रोज सकाळी तिथपर्यंत चालत जातात. आईनं करडईची भाजी आणवली आहे.

सह्यकडा

असतं. प्रत्येक पेल्यात एक. बाकी काही करू नका, पाऊस पडू द्या. श्रावणात जमिनीलगत पसरलेली, कातरलेल्या कडेची पानं शोधायला बाबांना सांगा, आणि दिवाळीनंतर चेंडू फुलले की इथेच फोटो टाका.